आधी काटा, मग मशीन

अप्पा, सोमवारी कचहरीत एक कागद द्यायचा आहे आणि त्यावर माझी सही लागते. बाकी सगळ्यांच्या झाल्या, माझीच राहिली. घरातले माझ्याकडे बघतात ते मी वाट अडवून बसल्यासारखं. बसलेच आहे. आज शुक्रवार, दुपारची जेवणं झालीत, मुलगा युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात, सून बँकेत, नात नेमबाजीच्या रेंजवर. म्हणून नातीच्या एका अर्ध्या कोऱ्या वहीत हे लिहिते. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे. आठवीत शाळा सुटली तेव्हा जसं होतं तसंच राहिलं, उगाच नावं ठेवू नका.

नात म्हणजे तुमची पणती. तुम्ही तिला पाहिलं नाही. तिच्या बापाला खांद्यावर घेऊन बालाजी घाटाच्या पायऱ्या चढलात तेव्हाच तुम्हाला धाप लागत होती, आणि पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. ही आता बावीसची आहे. बारा बोरची दुनाळी घेऊन उडत्या मातीच्या तबकड्या फोडते. त्याचा खेळ आहे, स्पर्धा असतात, प्रदेशाच्या टीममधे दोनदा गेली. हे सगळं कुणाकडून आलं ते घरात कुणी बोलत नाही, पण मला माहीत आहे, आणि पहिल्यांदा तिनं बंदूक उघडून नळीत डोकावून बघितलं तेव्हा मान अगदी तुमच्यासारखी तिरकी केली होती. आता तिची अडचण अशी की कारतूस मिळत नाहीत. बाहेरून येतात, येतात तेव्हा येतात, नाही तर महिना महिना ती नुसती रिकामी बंदूक खांद्याला लावून आरशासमोर उभी राहते. तिचे एक सर आहेत, शिकवणारे. ते म्हणाले, मॅचचे बाहेरून आलेलेच वापर, पण सरावाचे घरी भर, रीतसर परवानगी काढून. तर परवानगीच्या कागदाला खोली दाखवावी लागते, कुलूप दाखवावं लागतं, माल किती ठेवणार ते लिहावं लागतं आणि काय काय सामान आणणार त्याची यादी जोडावी लागते. खोली आहे वरच्या मजल्यावरची, नदीकडची, तुमच्या जावयाच्या मागे माझ्या नावावर झालेली. म्हणून माझी सही. मी म्हटलं, यादी बघितल्याशिवाय सही नाही. सही केली नाही तर पोरीचा सीझन गेला, हे मला कळतं. आणि नुसती केली तर काय जाऊ शकतं, तेही कळतं. ते या घरात मला एकटीलाच कळतं, आणि तिथंच सगळं अडलंय.

यादी माझ्या मुलानं केलीय. त्यानं आयुष्यात एक कारतूस भरलेलं नाही, पण आठ दिवस मोबाइलवर व्हिडिओ बघून तो पंडित झालाय. त्याला पाच खणांची मोठी मशीन हवी. दांडा एकदा ओढला की पाच जागी पाच कामं एकदम होतात. एकात बुडाची जुनी टोपी, ठिणगी देणारी, निघते, दुसऱ्यात नवी बसते, तिसऱ्यात बारूद पडते, चौथ्यात छर्रे, पाचव्यात तोंड दुमडतं, आणि प्रत्येक ओढीला एक तयार कारतूस खाली टपकतं. मला मोबाइलवर दाखवलं. एक दाढीवाला माणूस गप्पा मारत मारत दांडा ओढत होता. मी म्हटलं, हा बोलतोय कुणाशी? मुलगा म्हणाला, आई, बघणाऱ्यांशी. मी म्हटलं, मग बारूद कोण बघतंय? तो म्हणाला की एकदाच घ्यायचं तर चांगलं घ्यावं. नात म्हणाली, "आजी, तू टेन्शन नको ना घेऊ, सब सेट हो जाता है, नंतर बस दांडा मारायचा." त्या यादीत मशीन पहिली, शेवटी एका ओळीत लिहिलेलं, वजनकाटा, डिजिटल, छोटा. मला तो शेवटचा शब्द बघून राग आला. छोटा. जसं देवळात जाताना सुटे पैसे घ्यायचे राहिले म्हणून आठवावं तसा.

धर्मशाळेचं कोठार मी तीस वर्षं सांभाळलं, अप्पा, तुम्ही गेल्यावर धरलं ते काम. बॅटरीचे काटे माझ्यासमोर आले. पंखा लावला की आकडा हलतो, लाइट गेली आली की आकडा हलतो, बॅटरी उतरली की तो बिनदिक्कत खोटं सांगतो आणि तोंडावर काही दिसत नाही. दांडीचा काटा खोटं सांगत असेल तर निदान वाकडा उभा राहतो. तांदळात चार दाणे इकडे तिकडे झाले तर यात्रेकरू मरत नाही. म्हणून मी कोठारात फार बोलले नाही. पण इथं मी बोलणार.

तुमचा कोपरा आठवतो मला. आपल्या तिकडच्या घराची माडी, नदीकडची खिडकी, उत्तरेचा उजेड. रविवार सकाळ. चौकातल्या बंदुकीच्या दुकानात तुम्ही सहा दिवस मिस्त्री, आणि सातव्या दिवशी दुकानाचेच कारतुसांचे रिकामे पितळी खोखे घरी आणून भरायचात, मालकाच्या परवान्यावर, मालकाला ठाऊक असून. काका खाली यात्रेकरूंना संकल्प सांगतायत, आणि वर त्यांचा सख्खा भाऊ टोप्या बसवतोय. काका म्हणायचे, भटाच्या घरात हे एक नवीनच होमहवन. तुम्ही उत्तर द्यायचा नाहीत. तुमच्यासमोर पन्नास भोकांची लाकडी फळी, त्यात पन्नास खोखे, सगळे तोंड खाली करून. ज्याच्यात बारूद पडली तोच तोंड वर. उपडा म्हणजे रिकामा, उताणा म्हणजे भरलेला, मधलं काही नाही. अंगावर सुती पंचा. आई एकदा थंडीत लोकरीची शाल घेऊन आली तर तुम्ही तिला दारातच थांबवलंत, लोकर आणि रेशीम चिडतं म्हणून, अंगाला घासून ठिणगी काढतं म्हणून. आईला ते कधी पटलं नाही. जगातली सगळी पवित्र कामं रेशमी मुकटा नेसून होतात आणि तुमचं एक काम असं की त्याला सुती लागतं, याचा तिला अपमान वाटायचा. आणि बोलायचं नाही. ते मला सगळ्यात अवघड जायचं. तुम्ही सांगितलं होतंत की तोंड चालू झालं की हात आपल्या मनानं चालतो.

मी अकरा-बारा वर्षांची. तीन वर्षं नुसते खोखे पुसले, गत्त्याच्या, म्हणजे पुठ्ठ्याच्या, चकत्या मोजल्या, छर्रे चाळले. मग एका रविवारी तुम्ही पितळी माप माझ्या हातात दिलंत. पळीच म्हणायचो आपण त्याला. एक पळी, काठावर खेळातला पत्ता फिरवून सपाट, खोख्यात, खोखा उताणा, पुढचा. तुम्ही माझ्या मागून चकती, नमद्याचं जाड बूच, छर्रे, पुन्हा चकती असं करत येणार. काय वाटलं मला ते काय सांगू. शाळेत कधी कुणी फळ्यापाशी बोलावलं नव्हतं.

त्याच दिवशी खाली नागपूरकडचे यात्रेकरू जेवायला होते. दोन पंगती. पहिल्या पंगतीला मी वाढत होते, आणि घाई, कारण वर पळी वाट बघतेय. एका म्हातारीला मी भात वाढला आणि पुढे सरकले. आईनं स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि सगळ्यांसमोर बोलावलं. "एकदाच वाढतात का गं? यात्रेकरू आहेत की पितर? दुसऱ्यांदा घाल, शितभर का होईना." माझे कान तापले. मी मागे फिरून प्रत्येक पानावर शितभर भात घातला. मग हात धुऊन, पुसून, वर आले, आणि पहिली फळी तुमच्यादेखत बरोबर भरली. दुसऱ्या फळीला तुम्ही खिडकीकडे पाठ करून चकत्या कापत होतात. मी पळी घातली, सपाट. आणि मग, अप्पा, मी चिमूटभर परत घातली. प्रत्येकात. कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, पहिल्या फळीला आपण चुकलो, नुसतं एकदाच घातलं, आता नीट करू. कारतूस कुणाच्या तरी घरी जाणार, कुणाच्या तरी हातात जाणार, एकदाच वाढलेलं कसं द्यायचं. मन लावून केलं. खोटं नाही सांगत, त्या पन्नासांत माझा जितका जीव होता तितका कशात नव्हता.

जुनी काळी बारूद असती तर खपून गेलं असतं. तुम्हीच नंतर सांगितलंत. पण त्या वर्षी नवीन आली होती, धूर न करणारी, थोडीच लागणारी आणि जरासुद्धा जास्त न सोसणारी. दहा-बारा दिवसांनी गंगेपलीकडच्या वाळूत एका वकीलसाहेबांच्या बंदुकीची नळी फुगली, पुढचं लाकूड चिरलं आणि त्याची कपची त्यांच्या डोळ्याखाली लागली. डोळा वाचला. टाके पडले. तुम्ही त्या संध्याकाळी दुकानातून उरलेली सगळी कारतूस घेऊन आलात, सोनाराचा काटा मांडलात आणि एकेक तोलायला लागलात. मी दारात उभी. मला तेव्हा कळलंच नाही की यात माझा काही संबंध आहे. तोलून झाल्यावर तुम्ही दोन ढीग केलेत, मग मला जवळ बोलावून विचारलंत, किती वेळा घातलीस. मी म्हटलं, दोनदा, पळीभर आणि मग थोडी. का? मी म्हटलं, आई म्हणते एकदा वाढू नये.

तुम्ही आईकडे बघितलंत. ती पदर तोंडाला लावून भिंतीला टेकली होती. मला मार बसेल असं वाटलं. तुम्ही काट्याची दोन पारडी हातात धरलीत आणि एवढंच म्हणालात, "बारूद पाहुणी नाही, पोरी. तिला आग्रह करायचा नसतो."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मालकाला सांगितलंत, "हात माझा चुकला." त्यानं तुमच्याकडून भरायचं काम काढून घेतलं. नंतर वीस वर्षं तुम्ही दुसऱ्यांच्या बंदुकांची लाकडं घासलीत, नळीवरची नेमाची माशी बसवलीत, नळ्यांचा गंज काढलात, पण पळी पुन्हा हातात नाही. काका म्हणाले, सुटलो एकदाचे. मला फार दिवस वाटायचं की तुम्ही मला वाचवलंत. आता सत्तरीत वाटतं, तसं नव्हतं. तुम्ही मला पळी दिलीत आणि पाठ केलीत, म्हणजे हात खरंच तुमचा चुकला होता. तुम्ही मालकाला खोटं सांगितलं नाहीत. तुम्ही कधी कुणाला खोटं सांगितलं नाहीत, म्हणून तर एवढ्याशा पगारावर राहिलात.

पण पुढच्या रविवारी तुम्ही मला परत त्या खिडकीशी बसवलंत, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बारूद नव्हती, खोखेही थोडे भंगारातले. पलीकडची वाळू धुऊन, वाळवून, चाळून आणली होतीत. एक पळी, सपाट, घाल, खोखा उताणा कर, आणि काट्यावर तोल. वजन तू सांग, मग मी बघतो, मग मी सांगतो. दोघांचं जुळलं तरच पुढे. शंभर वेळा. आई खालून विचारत होती की आता ही काय पूजा. मी रडत होते आणि तुम्ही रडू दिलंत, फक्त वजन चुकू दिलं नाहीत. मला वाटतं त्या दिवशी मला जे शिकवलंत ते कारतूस भरणं नव्हतंच. पण असलं काही मोठं बोललं की तुम्ही पान थुंकायला उठायचात, म्हणून सोडते.

तर काल रात्रीच्या जेवणाला मी हे सगळं तिघांना सांगितलं. पहिल्यांदाच. सून जेवता जेवता थांबली. मुलगा म्हणाला, आई, तू इतकी वर्षं बोलली कशी नाहीस. मी म्हटलं, तू कुठे कारतूस भरत होतास. मला भीती होती की नात हसेल. शितभर भाताची गोष्ट आहे, आजकालच्या पोरींना हसू येणारच. ती हसली नाही. तिनं विचारलं, "आजी, किती जास्त होती? वजनात?" मला तो प्रश्न फार आवडला, अप्पा. नळी फुगली हे ऐकून जिला आधी वजन विचारावंसं वाटतं, तिला काटा देता येतो. मी म्हटलं, यादी माझी, नाहीतर खोली माझी. मुलगा म्हणाला, त्या पाच खणांच्या मशीनमधे हे सगळं आपोआप मोजलं जातं. मी म्हटलं, आपोआप मोजलेलं कोण बघतं ते सांग. पाच जागी पाच कामं चाललीत, एका जागी बारूद अडकली, पुढच्या ओढीला दुप्पट पडली, आणि तुझी मुलगी दांडा ओढतेय, तिचं लक्ष टोपीकडे आहे. शिकणाऱ्याचं लक्ष एका वेळी एकाच ठिकाणी असतं. माझं भाताच्या पानावर होतं.

आता तुम्हाला यादी सांगते, कारण तुम्हाला विचारल्याशिवाय सही करवत नाही. पहिला काटा. दांडीचा, वजनं घालून तपासता येणारा, बॅटरीचा नाही, आणि तपासायची वजनं वेगळी, डबीत. मग छापील पुस्तक, त्यात प्रत्येक बारुदीचं माप असतं, नातीला इंग्रजी वाचता येतं. मोबाइलवर कुणा दाढीवाल्यानं सांगितलेलं माप चालणार नाही. मग पन्नास भोकांची फळी, ती इथल्याच सुतारानं करायची, उपडं-उताणं तेच. मग डोळ्यावरचा चष्मा, कपचीसाठी. आणि सगळ्यात शेवटी मशीन, एका ओढीला एकच काम करणारी, खोखा हातानं उचलून हातानं पुढच्या जागी ठेवायची. सावकाश. तासाला जितकी होतील तितकी होतील. सेकंडहॅंड नको, दुसऱ्यानं काय वाकवलंय ते आपल्याला कळत नाही. आणि ते सळसळणारे ट्रॅकसूट घालून त्या खोलीत पाय ठेवायचा नाही. सुती घालायचं. यादीच्या खाली मी माझ्या हातानं एक ओळ घातलीय: दुसरी नजर, मी. प्रत्येक माप ती बघेल, मग मी बघेन, जुळलं तर खोख्यात. मुलगा म्हणाला, हे सामान थोडंच आहे, यादीत कशाला. मी म्हटलं, हे पहिलं सामान आहे. सही केली. जरा तिरकी आली.

*

इथवर लिहून वही बंद केली होती. आता चार महिने झाले.

कचहरीत तिथल्या बाबूनं यादी वाचता वाचता विचारलं, ये दूसरी नज़र कौन सा आइटम है. नातीनं सांगितलं, मेरी दादी हैं. तो हसला म्हणे, पण ओळ खोडली नाही. मग चौकीवरनं दोघे जण खोली बघायला आले, कुलूप ओढून बघितलं, खिडकीचे गज हलवून बघितले, चहा घेतला. कागद पुढच्या टेबलावर, पुढच्या टेबलावरून मागच्या टेबलावर, असं करत करत परवानगी निघाली. सामान आलं. काटा आला तेव्हा मी तो आधी माझ्या पलंगावर ठेवला आणि दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही. फळी भोसले घाटाकडच्या सुतारानं केली, भोकं जरा सैल झाली, त्याला परत करायला लावली. तो म्हणाला, माताजी, इतना क्या है. मी म्हटलं, इतना ही है.

महिनाभर सराव रव्यावर. वाळूनं मशीन खरडते, म्हणून रवा. पोरगी कुरकुरली, पहिल्या आठवड्यात दोनदा फळी आपटून खाली गेली, सरांना फोन करून म्हणाली असेल की आजी छळते. सरांनी काय सांगितलं माहीत नाही, पण परत वर आली. शंभर, मग शंभर, मग शंभर. ती तोलायची, मोठ्यानं सांगायची. मी म्हणायचे, बरोबर. तिचा हात बसला. खरंच बसला, अप्पा, तुमच्यासारखा, दांडीला बोट लावून शांत करायची ती सवयसुद्धा. सून एकदा वर डोकावली आणि म्हणाली, दोघी देवघरात बसल्यासारख्या बसता. मी तिला दारातच थांबवलं, सिंथेटिक साडी होती.

आणि गेल्या रविवारी सकाळी बारूद. खिडकी उघडी, पंखा बंद, मोबाइल खाली ठेवून. पोरीनं पुस्तकातलं माप मोठ्यानं वाचलं, दोनदा. कारतूस पहिलं. तिनं माप काट्यावर ठेवलं, दांडी डुलली, थांबली, तिनं वाकून बघितलं आणि आकडा सांगितला. मग ती मागे सरकली आणि मी पुढे झाले. चष्मा लावून वाकले. दांडीचं टोक होतं, आणि त्याच्यासमोरची रेघ होती, आणि मधे एक धुकं होतं. मी डोळे बारीक केले. धुकंच. पोरगी श्वास रोखून उभी. मी म्हटलं, बरोबर.

तिनं बारूद खोख्यात घातली, खोखा उताणा केला. दुसरं माप उचललं. मी तिच्या हाताकडे बघत होते आणि मला कळत होतं की महिनाभर रव्यावरसुद्धा मी असंच बरोबर म्हणत आलेय. तिच्या तोंडून आकडा ऐकायचा आणि मान हलवायची. कधीपासून दिसत नाहीये ते मला नेमकं सांगता येणार नाही. सून वर्षभर मागे लागलीय की डोळ्यांत मोतीबिंदू आहे, दाखवून या, आणि मी म्हणत आलेय की हे सगळे डॉक्टरांचे चोचले. यादी मी केली. पहिलं सामान मी असं मी लिहिलं. आणि तेच सामान खराब.

दुसरं माप काट्यावर गेलं तेव्हा मी म्हटलं, थांब. मी म्हटलं, मला रेघ दिसत नाही. ती म्हणाली, आत्ता दिसत नाही? मी म्हटलं, मघाशी पण नव्हती दिसली. मला वाटलं आता ओरडेल, आणि ओरडायचा तिला हक्क होता. तिनं दुसरं माप उतरवलं, पहिल्या खोख्यातली बारूद काळजीनं परत काढली, मापात घेतली, काट्यावर ठेवली आणि खाली हाक मारली, "मम्मी, कॉटनची साडी नेसून वर ये, और हाथ धो के." सून आली. बँकेत दिवसभर नोटा मोजते, तिची नजर घारीसारखी आहे, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. तिनं वाकून बघितलं आणि आकडा सांगितला. जुळला. पहिलं माप बरोबरच निघालं होतं. मुलगा नंतर म्हणाला, बघ, काही बिघडलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, ते बरोबर होतं म्हणून माझं बरोबर म्हणणं खरं होत नाही. हे त्याला कळलं की नाही देव जाणे. पोरीला कळलं.

त्या दिवशी दहाच भरली. मी भिंतीशी वेताच्या मोढ्यावर बसून होते, मधे बोलले नाही. सुतारानं केलेल्या फळीत दहा उताणी, चाळीस उपडी. यादीतली ती ओळ आता सुनेच्या नावानं करायची आहे, त्यासाठी परत कचहरीत जाऊन तोच बाबू गाठावा लागेल, आणि ते मी स्वतः जाऊन करणार आहे. मंगळवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे. एका डोळ्याचं आधी. दुसऱ्याचं नंतर. होऊन आले की मला काटा परत हवा, हे मी सुनेला सांगून ठेवलंय, आणि ती म्हणाली की आधी रव्यावर शंभर. म्हटलं, बरं.

हे पाठवायचं कुठे, हा प्रश्न नाही. वही नातीच्या पुस्तकांत जाईल, कुणी उघडली तर उघडली. तुम्ही मालकापुढे उभं राहून एका वाक्यात सांगून मोकळे झालात, म्हणून मीही एका वाक्यात सांगते. मला काही दिसलं नव्हतं आणि मी बरोबर म्हटलं, आणि ते खरं सांगायला मला एक अख्खं माप खोख्यात जाईपर्यंत वेळ लागला.